गाडी घ्यायची, तर आधी आज्जीला बसवून बघा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले हे मनोगत. सभेतल्या महिलांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



गेल्या दोन महिन्यांत तीन गटांतून एकच विचारणा आली. घरासाठी जुनी चारचाकी घ्यायचीय, कर्ज मिळेल का? कारण विचारलं, तर कुणाच्या सासूबाईंचे गुडघे गेलेत, कुणाच्या मालकांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतंय. एसटीची पायरी चढवत नाही आणि वडापमध्ये कोंबून बसवत नाही. म्हणून अध्यक्षताई म्हणाल्या, यावर तूच बोल. मी समाजकार्य शिकले, इंजिन नाही शिकले. पण गाडी घेताना एक चूक केलीय, ती आधी सांगते.

नोकरी लागल्यावर दुसऱ्या वर्षी मी आणि भावाने मिळून जुनी गाडी घेतली. लांब, डिकीवाली, एकदम चकाचक. १,६०,००० रुपयांना. बघायला मी, भाऊ आणि त्याचा मित्र गेलो. जिच्यासाठी गाडी घ्यायची ती आज्जी घरीच. गाडी दारात आली, ओवाळली, नारळ फोडला आणि आज्जी बसायला गेली. सीट इतकी खाली, की वाकताना गुडघ्यातनं कळ आली आणि ती धपकन आत पडली. उतरताना तर दोघांनी काखेत हात घालून ओढून काढली. सगळी आळी बघत होती.

त्यानंतर जत्रेला चल म्हटलं, माहेरी चल म्हटलं, की आज्जी म्हणायची, "मला नको गं, तुम्ही जावा." मी ते खरं मानलं. वाटलं, वय झालंय, आता इच्छा राहिली नसंल. सात-आठ महिन्यांनी शेजाऱ्यांच्या वॅगनआरमधून ती एका लग्नाला गेली. आपली आपण बसली, आपली आपण उतरली. रात्री मला म्हणाली, "मला जायचं असतंय गं. उचलून न्यायचं नसतंय."

म्हणून पुढचं सांगते.

पहिली गोष्ट, गाडी लागतेय का याचा हिशोब करा. १,००,००० रुपये कर्ज, २४ हप्ते आणि महिना १ टक्का व्याज धरलं, तर पहिल्या महिन्यात मुद्दल ४,१६७ आणि व्याज १,००० म्हणजे ५,१६७ रुपये जातात. महिन्याला ४०० किलोमीटर फिरली, लिटरला १६ किलोमीटर गेली, तर २५ लिटर पेट्रोल. १०५ रुपये दराने २,६२५ रुपये. झाले ७,७९२. विमा आणि दुरुस्ती वेगळी. दवाखान्याची महिन्याला एकच फेरी असेल, तर भाड्याची गाडी करा, ती स्वस्त पडते. आठवड्याला दोन फेऱ्या असतील, तर मात्र विचार करण्यासारखा आहे.

आणि हातातले सगळे पैसे गाडीत घालू नका. दीड लाख असतील, तर गाडी १,२०,००० च्या आत बघा. उरलेले नावबदल, विमा, टायर, बॅटरी यांना लागतातच.

दुसरी गोष्ट, बसण्या-उतरण्याची. घरातल्या ज्या खुर्चीवरून त्या माणसाला सहज उठता येतं, तिची उंची दोरीने मोजा. दोरीला गाठ मारा आणि गाडी बघायला जाताना सोबत न्या. सीट त्या गाठीएवढी किंवा चार बोटं वर असावी. फार खाली असली तर उठवत नाही, फार वर असली तर चढवत नाही. दार किती उघडतं, डोकं छताला लागतं का, दाराखालचा उंबरा ओलांडताना पाय किती उचलावा लागतो, हे बघा. वॉकर डिकीत मावतो का तेही बघा. सीएनजीची टाकी असली, तर डिकीत जागा फारशी उरत नाही.

आमच्या भागात मिळणाऱ्या गाड्यांचं सांगते. वॅगनआर आणि जुनी सॅन्ट्रो यांचं छत उंच, सीटही बेताची उंच. अल्टो स्वस्त, तिचे सुटे भाग कुठंही मिळतात, पण सीट खाली आहे. ईकोचा मागचा दरवाजा सरकता आणि जागा भरपूर, पण पाय उंच उचलावा लागतो. बोलेरो रस्त्याला दणकट, गुडघेदुखीच्या माणसाला चढायला जड. तरी माझ्या सांगण्यावर घेऊ नका. ज्याला बसायचंय त्याला घेऊन जा. साडी नेसून, नेहमीची चप्पल घालून, तीन वेळा बसायला आणि तीन वेळा उतरायला लावा. एकदा कुणीही बसतं, तिसऱ्या वेळी खरं कळतं.

बसायची रीतही शिकवा. सीट पूर्ण मागे सरकवायची. पाठ सीटकडे करून आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे. सरकायला जड जात असेल, तर सीटवर प्लॅस्टिकची पिशवी टाका, पण गाडी निघायच्या आधी ती काढा आणि पट्टा लावा. हलत्या दाराला धरून उठू देऊ नका.

तिसरी गोष्ट, गाडीची तब्येत. विकणाऱ्याला सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड इंजिन एका चावीत चालू व्हायला पाहिजे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. सीटचा पट्टा पूर्ण ओढून बघा. त्यावर चिखलाचे डाग असले, तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. मेकॅनिक आपल्या ओळखीचा न्या, विकणाऱ्याचा नको. त्याला चारशे-पाचशे रुपये द्यायला लागले तरी द्या.

चौथी गोष्ट, कागद. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून आरसी, विमा आणि कर्जाचा बोजा बघा. थकलेली चलनंही तपासा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावबदलाला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज करा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ५ वर्षांसाठी वाढवता येते, पण पर्यावरण कर भरावा लागतो. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का देतायत, ते यावरून कळतं. दुसऱ्या राज्यातली गाडी स्वस्त दिसली, तरी इथं पुन्हा रोड टॅक्स बसतो.

आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीवर भाडं मारून हप्ता फेडू, असा विचार असेल, तर तो सोडा. ते कायद्यात बसत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

पाचवी आणि शेवटची गोष्ट थोडी स्पष्ट बोलते, राग मानू नका. कर्ज गटातून तुमच्या नावावर, हप्ता तुमच्या नावावर, मग आरसीवर नाव कुणाचं? परवा एक ताई म्हणाल्या, "मला चालवता येत नाही, मग माझं नाव कशाला?" ताई, मालकीला लायसन्स लागत नाही, चालवायला लागतं. उद्या गाडी विकायची वेळ आली, तर सही तुमची लागू द्या. आणि लायसन्सही काढा की! घरातला माणूस शेतात असतो तेव्हाच आज्जीला दम लागतो.

आमची ती गाडी आम्ही २२,००० रुपये तोट्यात विकली. आता दारात जुनी वॅगनआर आहे, रंग थोडा उडालेला. ती घ्यायला आज्जी सोबत आली होती. तीन वेळा बसली, तीन वेळा उतरली, आणि विकणाऱ्याला म्हणाली, "आता दर सांगा."

पुढच्या बैठकीला ज्यांना गाडी घ्यायचीय त्यांनी गाठ मारलेली दोरी घेऊन या. कर्जाच्या अर्जावर चर्चा त्यानंतर करू.