प्रापंचिकांचं सभागृह आणि बायकांचं मत
(‘धर्मसंस्था आणि स्त्रिया’ या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



धर्म आणि स्त्रिया या विषयावर आपण बोलायला लागलो की बहुतेक वेळा धर्मग्रंथांवर बोलतो. अमुक वचन बाईच्या विरोधात आहे, तमुक वचनाचा अर्थ वेगळा लावता येतो, वगैरे. ही चर्चा हवीच. पण आज मला दुसऱ्या बाजूनं बोलायचं आहे. धर्मसंस्था ही शेवटी एक संस्थाही असते. तिला घटना असते, कमिट्या असतात, मतदारयादी असते, ठराव असतात, हिशेबाची वही असते. आणि बायकांविषयीचे पुष्कळ निर्णय ग्रंथात नाही, तर या कमिट्यांमध्ये होतात. म्हणून मी उदाहरण घेतलं आहे ते इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचं. तिथं निर्णय उघड मतदानानं होतात आणि आकडे नोंदलेले असतात, त्यामुळे सत्ता कुठून कुठे सरकली ते आपल्याला स्पष्ट पाहता येतं.

आधी एक शब्द समजून घेऊ. चर्चमध्ये ज्यांना दीक्षा मिळालेली असते ते डीकन, पाळक, बिशप. बाकीचे सगळे प्रापंचिक. म्हणजे बाकावर बसणारे, वर्गणी देणारे, रविवारची शाळा चालवणारे, फुलं लावणारे, चहा करणारे. या कामांमध्ये बायका किती आणि पुरुष किती, हे तुम्हाला सांगायला नको. इंग्लंडच्या चर्चमध्ये स्त्रियांना डीकनची दीक्षा मिळाली ती १९८७ साली. तोवर चर्चच्या कारभारात बाईला शिरायचं तर दार एकच होतं, प्रापंचिकांचं. आणि तेही सहज उघडलेलं नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिथे गावोगावच्या चर्चमध्ये प्रापंचिकांची समिती असावी असा विचार सुरू झाला. तेव्हा धर्मगुरूंच्या सभेनं ठरवलं की समितीवर पुरुषच असावेत. बायकांनी याचा निषेध केला. समितीत बसण्याचा हक्क मिळायला १९१४ साल उजाडलं. हा काळ मताधिकाराच्या चळवळीचा. १९०९ मध्ये चर्चमधल्याच लोकांनी स्त्रियांच्या मताधिकारासाठी वेगळी संघटना काढली होती. मॉड रॉयडनसारखी बाई दोन्ही आघाड्यांवर लढत होती, पार्लमेंटच्या मतासाठी आणि चर्चमधल्या हक्कांसाठी. १९१९ च्या कायद्यानं चर्चला स्वतःची प्रतिनिधी सभा मिळाली, आणि तिच्यात प्रापंचिकांच्या सभागृहाचं दार सगळ्या पातळ्यांवर स्त्रियांना उघडं झालं. वेदीपाशी उभं राहायला बंदी, पण सभेत मत द्यायला परवानगी, अशी ही स्थिती पुढची कित्येक दशकं टिकली.

आता ही रचना कशी आहे ते पाहू. जरा रूक्ष वाटेल, पण खरी मेख इथंच आहे.

सगळ्यात खाली पॅरिश, म्हणजे एका चर्चचा परिसर. तिथं दरवर्षी सभा भरते. चर्चच्या मतदारयादीत नाव असलेली सोळा वर्षांवरची बाप्तिस्मा झालेली कुणीही व्यक्ती तिथं मत देऊ शकते. ही सभा पॅरिशची समिती निवडते. पैसा, इमारत, दुरुस्ती, चर्चचं काम, सगळं या समितीपुढे येतं. शिवाय दोन चर्चवॉर्डन निवडतात. चर्चमधलं जंगम सामान कायद्यानं त्यांच्या ताब्यात असतं, आणि पाळकाला आपल्या मर्जीनं त्यांना काढता येत नाही. गंमत म्हणजे वॉर्डनच्या निवडणुकीत त्या परिसरात राहणाऱ्या आणि स्थानिक मतदारयादीत असलेल्या कुणालाही मत देता येतं. तो चर्चला जातो की नाही हे विचारत नाहीत.

नवा पाळक नेमायचा असला की १९८६ च्या कायद्यानुसार समिती किमान दोन प्रापंचिक प्रतिनिधी निवडते. त्यांनी नाही म्हटलं तर ती नेमणूक पुढे रेटणं सोपं नसतं. म्हणजे गावातली निवृत्त शिक्षिका किंवा दुकानदार, पाळक कोण यावर बोट ठेवू शकतात. ही लहान सत्ता नाही.

पॅरिशच्या वर विभागाची सिनॉड, त्यावर डायसीसची, आणि सगळ्यात वर जनरल सिनॉड. ती १९७० साली सुरू झाली. तिच्यात तीन सभागृहं आहेत: बिशपांचं, धर्मगुरूंचं आणि प्रापंचिकांचं. महत्त्वाच्या बदलासाठी तिन्ही सभागृहांत वेगवेगळं दोन तृतीयांश मत लागतं. म्हणजे एका सभागृहानं अडवलं की सगळं अडलं.

१९७८ साली स्त्रियांना पाळकाची दीक्षा द्यावी का, हा प्रश्न जनरल सिनॉडपुढे आला. तेव्हा साधं बहुमत हवं होतं. बिशपांनी ३२ विरुद्ध १७ असा पाठिंबा दिला. प्रापंचिकांनी १२० विरुद्ध १०६. धर्मगुरूंच्या सभागृहात मात्र ९४ विरुद्ध १४९. ठराव पडला. आपल्या खुर्चीला वाटेकरी नको म्हणणारे तेव्हा धर्मगुरूच होते. प्रेक्षकांच्या सज्जातून डॉक्टर असलेल्या ऊना क्रोल ओरडल्या की, आम्ही भाकर मागितली आणि तुम्ही धोंडा दिलात. दुसऱ्याच वर्षी दीक्षेसाठीची चळवळ संघटित झाली.

चौदा वर्षांनी, ११ नोव्हेंबर १९९२ ला पुन्हा मतदान झालं. बिशप ३९ विरुद्ध १३. धर्मगुरू १७६ विरुद्ध ७४. प्रापंचिक १६९ विरुद्ध ८२. आता हा शेवटचा आकडा नीट बघा. एकूण मतं २५१. दोन तृतीयांश म्हणजे किमान १६८. फक्त दोन जणांनी मत फिरवलं असतं तरी ठराव पडला असता. १२ मार्च १९९४ ला ब्रिस्टलच्या कॅथीड्रलमध्ये ३२ स्त्रियांना दीक्षा मिळाली, ती प्रापंचिकांच्या सभागृहातल्या दोन मतांच्या जोरावर.

पण त्या विजयाला एक शेपूट होतं. पॅरिशच्या समितीला हक्क दिला गेला की आम्हाला स्त्री पाळक नको, असा ठराव ती करू शकते. म्हणजे दार उघडलं वरच्या सिनॉडनं आणि अडसर घालायचा अधिकार दिला खालच्या समितीला. तिथं बहुसंख्य कोण? प्रापंचिकच. त्यात बायकाही.

यापुढचा भाग सांगताना मला जास्त सावधपणे बोलायला हवं. कारण आपल्या चळवळीत एक समजूत असते की, सत्ता वरून खाली आली, सामान्य माणसांच्या हातात गेली, की ती बायकांच्या बाजूनं जाईल. २० नोव्हेंबर २०१२ ला या समजुतीची परीक्षा झाली. प्रश्न होता, स्त्रीला बिशप होता येईल का? बिशपांचं मत ४४ विरुद्ध ३. धर्मगुरूंचं १४८ विरुद्ध ४५. दोन्हीकडे भरघोस होकार. आणि प्रापंचिकांच्या सभागृहात १३२ विरुद्ध ७४. सहा मतं कमी पडली आणि कायदा कोसळला. त्याआधी ४४ पैकी ४२ डायसीसांनी आपापल्या सिनॉडमध्ये होकार दिला होता. १९७८ मध्ये धर्मगुरूंनी अडवलं होतं, २०१२ मध्ये प्रापंचिकांनी. विरोधात बोलणाऱ्यांमध्ये प्रापंचिक बायकाही होत्या. त्यांचं म्हणणं होतं की ज्यांची श्रद्धा स्त्री बिशप मान्य करत नाही त्यांना पुरेसं संरक्षण नाही. त्यांचा मुद्दा आपल्याला पटो न पटो, पण त्या कुणाच्या हातातल्या बाहुल्या होत्या असं म्हणून चालणार नाही. बाई म्हटली की ती आपल्याच बाजूची, हे धरून चालणं हा तिचाही अपमान आहे आणि आपला आळसही.

मग खालून एवढा होकार असताना वर नकार कसा आला? याचं एक उत्तर निवडणुकीच्या पद्धतीत आहे. जनरल सिनॉडचे प्रापंचिक सदस्य बाकावरची सगळी माणसं निवडत नाहीत. त्यांना निवडतात विभागीय सिनॉडचे प्रापंचिक सदस्य. आणि विभागीय सिनॉडवर जायला पॅरिशच्या वार्षिक सभेत कितीदा तरी कुणी तयारच नसतं. संध्याकाळच्या बैठका, लांबलचक अहवाल, कोण जाणार? जो हात वर करेल तो गेला. पण तो हात वर करणारा पुढे मतदार होतो. ज्या गटांना आपला मुद्दा रेटायचा असतो ते अशा ठिकाणी माणसं पाठवायला विसरत नाहीत. ज्यांना वाटतं की आपलं म्हणणं रास्तच आहे, ते आपोआप होईल, ते घरी बसतात.

दुसरं उत्तर जास्त आशादायक आहे. १४ जुलै २०१४ ला हाच प्रश्न पुन्हा आला, आणि प्रापंचिकांनी १५२ विरुद्ध ४५ असा होकार दिला. मधे निवडणूक झालेली नव्हती. सभागृह तेच होतं. मधल्या दीड वर्षात लहान लहान गटांत बसून विरोधकांशी बोलणं झालं, कायद्याचा मसुदा सोपा केला, तक्रार ऐकायला स्वतंत्र माणूस नेमायचं ठरलं. २०१५ च्या जानेवारीत लिबी लेन पहिल्या स्त्री बिशप झाल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मुलाली यांचं नाव जाहीर झालं. त्या एकेकाळी परिचारिका होत्या. त्यांचं नाव ज्या मंडळानं सुचवलं त्यात प्रापंचिक सदस्य होते, आणि त्याचे अध्यक्षही प्रापंचिकच होते. मात्र तडजोडीची किंमत अजून चालू आहे. पॅरिशची समिती आजही स्त्री पाळक नको असा ठराव करू शकते.

तुम्ही म्हणाल, हे सगळं इंग्लंडचं, आपला काय संबंध? संबंध आहे, आणि जुना आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथं, याच चर्चमध्ये झाला. पुढे त्यांनी चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असा विषय निघाला, तेव्हा लाहोरच्या आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. कोणत्याही समितीत रमाबाईंना मत नव्हतं. त्यांच्याकडे होती फक्त लेखणी. पत्रांतून त्यांनी स्पष्ट सांगितलं की एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलंय, ते दुसऱ्याचं मानेवर घ्यायला नाही. सदसद्विवेकाचा हक्क त्या बजावत राहिल्या. ती पत्रव्यवहाराची पानं १९७७ साली महाराष्ट्र शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळानं छापली आहेत. ती जरूर वाचा. एका प्रापंचिक बाईनं बिशपांपुढे मान न तुकवल्याचा तो दस्तऐवज आहे.

दुसरा धागा १९७० सालचा. २९ नोव्हेंबरला नागपुरात उत्तर भारतातलं अँग्लिकन चर्च आणि इतर काही चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर इथल्या अनेक मराठी मंडळ्या त्यात आहेत. तिथंही पास्टोरेट कमिटी, डायसीस कौन्सिल, सिनॉड अशी उतरंड आहे आणि प्रत्येक पायरीवर प्रापंचिकांना जागा आहे. शाळा, दवाखाने, जमिनी यांचे निर्णय या उतरंडीतून जातात. दक्षिणेतल्या चर्च ऑफ साउथ इंडियामध्ये तर २०१३ च्या सप्टेंबरमध्ये पुष्पा ललिता नंद्यालच्या बिशप झाल्या, म्हणजे इंग्लंडच्या आधी.

इथं ख्रिस्ती नसलेल्या मैत्रिणीच जास्त आहेत. तुमच्या देवस्थानाच्या ट्रस्टवर कोण आहे? मशिदीच्या किंवा जमातीच्या कमिटीत कोण बसतं? सोसायटीच्या, शाळेच्या, पतपेढीच्या? पंचायतीत १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं आपल्याला जागा मिळाल्या, आणि नुसती जागा पुरत नाही हे आपण नवरोबांनी चालवलेल्या सरपंचपदांवरून शिकलो. बहुतेक धर्मसंस्थांमध्ये तर आरक्षणही नाही. तिथं स्वतःच हात वर करावा लागतो.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. ज्या संस्थेत तुम्ही घाम गाळता तिची घटना मागून घ्या. मतदारयादीत आपलं नाव आहे का पाहा. वार्षिक सभेची तारीख लिहून ठेवा. वरच्या समितीवर माणूस कोण निवडतं, कितव्या पायरीवर निवडतं, ठराव पास व्हायला किती मतं लागतात, हे विचारा. चहा करायला बोलावलं तर जा, पण चहा ठेवून बाहेर येऊ नका. आत बसा. आणि पलीकडच्या खुर्चीवर बसलेल्या, आपल्याशी न पटणाऱ्या बाईशीही बोला. इंग्लंडमध्ये एकदा दोन मतांनी जमलं आणि एकदा सहा मतांनी बिघडलं. एवढी मतं कुठल्याही गावातल्या चार-सहा जणी मिळून गोळा करू शकतात.