पिस्टन नसलेलं इंजिन



नववीच्या विज्ञान प्रदर्शनात आपण थर्माकोलचं फोर-स्ट्रोक इंजिन केलं होतं, पिस्टनच्या जागी इंजेक्शनची सिरिंज. तेव्हा मी विचारलं होतं, "सर, चाक गोल फिरतं, मग पिस्टन वर-खाली कशाला? इंजिनच गोल का फिरवत नाहीत?" सर म्हणाले, "शोध आणि मला सांग." पुढे बारावी, इंजिनीअरिंग, मग नोकरी. सांगायचं राहून गेलं. आज सांगते, उशिराबद्दल सॉरी सर.

गाड्यांचं वेड आपल्याला मानपाड्यातच लागलं. शिळफाट्याच्या रस्त्यावर प्रीमियरचा कारखाना होता ना! पद्मिनीपुढे 118 एनई म्हणजे राजेशाही थाट. ती 1985 साली आली. त्यातल्या 'एनई'चा अर्थ निस्सान इंजिन, हे मला कॉलेजात कळलं. अंग फियाट 124 चं आणि आत 1171 सीसीचं जपानी इंजिन. पण तेही पिस्टनचंच.

गोल फिरणारं इंजिन जर्मन फेलिक्स वांकेलचं. हिरोशिमाच्या माझदाने 1961 मध्ये त्याचा परवाना घेतला. डोशाच्या पिठाच्या रगड्यात दगड कसा कडेकडेने फिरतो, तसा यात तिकोनी रोटर फिरतो. तिन्ही कोपऱ्यांवर सीलच्या पट्ट्या असतात. कुकरच्या रिंगसारखंच त्यांचं काम, रिंग गळाली की शिट्टी होत नाही! माझदाच्या पट्ट्या थरथरायच्या आणि आतल्या भिंतीवर ओरखडे काढायच्या. त्या ओरखड्यांना तिथले लोक 'सैतानाची नखं' म्हणत. केनिची यामामोतो आणि त्यांचे सत्तेचाळीस इंजिनीअर त्यांच्यामागे लागले. शेवटी ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनच्या पट्ट्या टिकल्या, आणि 1967 मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. दोन रोटर, मिळून 982 सीसी, ताकद 110 अश्वशक्ती. एकाच बगमागे महिनाभर बसले की मला ती नखं हमखास आठवतात. माझी टीम मात्र सहा जणांची.

पुढे 1973 च्या तेलटंचाईत या इंजिनाची पेट्रोलची भूक माझदाला भोवली. तरी त्यांनी 1978 मध्ये आरएक्स-7 काढली. 1990 ची युनोस कॉस्मो तर तीन रोटरची, ऐषारामी; त्या काळात तिच्यात उपग्रहावरून रस्ता दाखवणारा पडदा होता! (आपण तेव्हा रिक्षावाल्यांना पत्ता विचारत होतो.) 1991 मध्ये चार रोटरच्या 787बी ने ल माँची चोवीस तासांची शर्यत मारली. ती जिंकणारी ही पहिली जपानी गाडी. आरएक्स-8 2012 मध्ये थांबली. 2023 मध्ये रोटरी परत आलं, पण विजेच्या गाडीत बॅटरी भरणारा जनरेटर म्हणून. चाकं फिरवायचं काम आता मोटरकडे.

तर सर, उत्तर असं: इंजिन गोल फिरवतात, पण कोपरे सांभाळणं फार अवघड. आणि ते थर्माकोलचं मॉडेल प्रयोगशाळेच्या कपाटावर अजून असेल, तर जेवणाआधी मला दाखवा. सिरिंज माझ्या घरची होती.