हृदयविकार आणि उपचारांची कसोटी



१९७८ सालची गोष्ट. एका जिल्ह्याच्या गावी इस्पितळात मी तरुण डॉक्टर म्हणून नोकरीला होतो. एके दिवशी पहाटे जवळच्या खेड्यातले एक गुरुजी आले. छातीत कळा येत होत्या म्हणून त्यांना बैलगाडीतून सडकेपर्यंत आणि तिथून एका मालमोटारीतून आणले होते. कार्डिओग्राम काढला. हृदयविकाराचा झटका होता. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना सलाइनमधून लिग्नोकेन नावाचे औषध सुरू केले. झटक्यानंतर हृदयाचे ठोके अधूनमधून चुकतात. ते चुकू नयेत म्हणून हे औषध.

तिसऱ्या दिवशी गुरुजींना हुशारी वाटू लागली. सलाइनच्या बाटलीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "डॉक्टर, या औषधानं गुण येतो, हे तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हटले, "अनुभवानं, गुरुजी. आजवर इतक्या जणांना दिलं, त्यातले बहुतेक बरे होऊन घरी गेले."

गुरुजी हसले. जन्मभर मुलांचे गणित तपासलेला माणूस! म्हणाले, "आणि ज्यांना दिलं नाही, त्यांतले किती घरी गेले?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. गुरुजीही बरे होऊन घरी गेले, आणि माझ्या अनुभवात आणखी एकाची भर पडली. पण त्यांचा प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. तो प्रश्न मोठमोठ्या डॉक्टरांनी कसा सोडवला आणि त्यातून किती जीव वाचले, हे आज तुम्हाला सांगायचे आहे.

आधी रोग समजून घेऊ. हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागते. ते आणणाऱ्या रक्तवाहिन्या हृदयाच्या अंगावरूनच जातात. पाटात गाळ साचावा तसा वर्षानुवर्षे त्यांच्या आतून मेदाचा थर साचतो. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि पाट तुंबतो. पुढच्या वाफ्याला पाणी नाही. मग हृदयाचा तेवढा भाग सुकू लागतो. तो एका क्षणात मरत नाही, तासातासाने मरतो. हे तासांचे गणित ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

या रोगावर पूर्वी मुख्य उपाय एकच होता, तो म्हणजे अंथरूण. चार ते सहा आठवडे रोग्याने हलायचे नाही. हृदयाला जखम झाली आहे, तिला विश्रांती हवी, हा विचार कोणालाही पटेल असाच होता. पण पडून पडून पायांच्या शिरांत गुठळ्या होत, त्या फुप्फुसात जात आणि त्यानेही माणसे दगावत. १९५२ साली अमेरिकेत बोस्टनच्या लेव्हाइन आणि लाउन या डॉक्टरांनी ८१ रोग्यांना लवकरच खुर्चीत बसवायला सुरुवात केली. इतर डॉक्टरांना हा अविचार वाटला. पण खुर्चीत बसल्याने त्या रोग्यांचे काही बिघडले नाही. आज साधा झटका असेल तर एकदोन दिवसांतच रोग्याला उठवून चार पावले चालवतात.

म्हणजे पाहा, पटणारा विचार हा खरा असतोच असे नाही. मग खरे-खोटे ठरवायचे कसे?

याचे उत्तर प्रथम दवाखान्यात सापडले नाही, ते शेतात सापडले. तुम्ही नवे बियाणे आणले. ते मळईच्या रानात पेरले आणि जुने बियाणे माळावर पेरले, तर नव्याचे पीक जास्त येणारच. त्यात बियाण्याचा गुण किती आणि जमिनीचा किती? इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथे शेतीचे जुने संशोधन केंद्र आहे. तिथे १९१९ साली रोनाल्ड फिशर नावाचे गणिती आले. त्यांनी रीत घालून दिली की शेताचे सारखे तुकडे पाडा आणि कोणत्या तुकड्यात काय पेरायचे हे आपल्या मनाने ठरवू नका, चिठ्ठ्या टाकून ठरवा. म्हणजे चांगली-वाईट जमीन दोन्हीकडे सारखी वाटली जाईल.

शेतात रुळलेली ही रीत पुढे रुग्णालयात आली. ब्रिटनमध्ये क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन असे तपासले गेले आणि त्याचा निकाल १९४८ साली आला. कोणत्या रोग्याला औषध द्यायचे, हे डॉक्टरांनी ठरवले नाही, बंद पाकिटातल्या चिठ्ठीने ठरवले. कारण डॉक्टर ठरवू लागला की नकळत धडधाकट रोगी एकीकडे जातात आणि जर्जर दुसरीकडे. तेही माळ आणि मळईच की!

आता हृदयविकाराकडे येऊ. १९८० साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी झटका आल्यापासून चार तासांच्या आत आलेल्या १२६ रोग्यांच्या रक्तवाहिन्यांची चित्रे घेतली. त्यांपैकी ११० जणांची वाहिनी पूर्ण तुंबलेली निघाली. मग गुठळी विरघळवली तर? तसे स्ट्रेप्टोकायनेज नावाचे औषध हाताशी होते. जंतूंपासून मिळणारा हा पदार्थ १९३३ पासून ठाऊक होता. पण ते दिल्याने रक्तस्रावाचेही भय होते. फायदा जास्त की धोका जास्त?

इटलीतल्या डॉक्टरांनी १७६ हृदयरोग विभागांत ११,८०६ रोग्यांवर हे तपासले. निकाल १९८६ साली आला. औषध न मिळालेल्यांत २१ दिवसांत शेकडा १३ दगावले, औषध मिळालेल्यांत शेकडा १०.७. आणि जे दुखू लागल्यापासून तासाभरात पोहोचले होते, त्यांच्यातले मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. जितका उशीर, तितका फायदा कमी.

दोन वर्षांनी, १९८८ साली, याहून मोठ्या चाचणीचा निकाल आला. १६ देश, ४१७ रुग्णालये, १७,१८७ रोगी. चिठ्ठ्यांनी चार गट पडले. एकाला स्ट्रेप्टोकायनेज, दुसऱ्याला डोकेदुखीवर आपण घेतो ती अ‍ॅस्पिरिन महिनाभर, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला दोन्हीही नाही. चौथ्या गटाला तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या आणि तसेच सलाइन दिले. कोणाला काय मिळाले हे ना रोग्याला ठाऊक, ना डॉक्टरला. पाच आठवड्यांनी हिशेब केला. काहीच न मिळालेल्यांत हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या विकाराने शेकडा १३.२ दगावले होते. दोन्ही मिळालेल्यांत शेकडा ८. चार पैशांच्या गोळीनेही, नुसत्या तिच्यानेही, जीव वाचत होते.

आता गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर द्यायची वेळ आली. काहीही न देता शेकडा ८६-८७ माणसे वाचत होती. म्हणजे मी नुसते पाणी दिले असते तरी माझे "बहुतेक रोगी बरे झाले" असते! माझ्याकडे वर्षाला चाळीस रोगी आले असे धरा. औषध नसेल तर पाच जातील, उत्तम औषध असेल तर तीन जातील. पाच आणि तीन यांतला फरक एका डॉक्टरच्या नजरेला दिसणार नाही. एखादे वर्ष बरे गेले, एखादे वाईट गेले, एवढेच तो म्हणेल. तो फरक दिसायला सतरा हजार माणसे लागली.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. प्रत्येक मुलाने नाणे वीस वेळा उडवून छापा किती वेळा पडला ते लिहावे. कोणाचे सहा येतील, कोणाचे चौदा. नंतर साऱ्या वर्गाची बेरीज फळ्यावर मांडा, ती निम्म्याच्या आसपास येईल. थोड्यांत नशीब बोलते, पुष्कळांत नियम बोलतो.

याच चाचणीतली एक गंमत सांगतो. अ‍ॅस्पिरिनचा गुण कोणाला अधिक आणि कोणाला कमी, असे रोग्यांचे लहान लहान गट पाडून दाखवा, असा आग्रह झाला. संशोधकांनी रोग्यांच्या जन्मराशीही मांडून दाखवल्या, पाश्चात्त्य पद्धतीने बरे का! तेव्हा मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अ‍ॅस्पिरिनने किंचित अपायच होतो, असे आकडे निघाले. अर्थात हे खरे मानू नका, असेच त्यांना सांगायचे होते. हिशेबाचे फार तुकडे पाडले की त्यातून काहीही निघते. तेव्हा मिथुन राशीच्या मंडळींनी घाबरण्याचे कारण नाही.

आता माझ्या लिग्नोकेनकडे वळतो. चुकणारे ठोके थांबवले तर जीव वाचेल, हा विचार किती सरळ! अमेरिकेत झटका येऊन गेलेल्या आणि ठोके चुकणाऱ्या रोग्यांवर एन्कॅनाइड व फ्लेकॅनाइड ही त्याच जातीची औषधे तपासली. ठोके खरोखरच सुधारत होते. कागदावर सारे छान होते. पण सरासरी दहा महिन्यांत, औषध घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू झाले आणि बिनऔषधाची गोळी घेणाऱ्या ७४३ जणांत २६. धोका दिसताच १९८९ साली ही औषधे देणे थांबवले गेले. पुढे लिग्नोकेनच्या चाचण्यांचीही बेरीज झाली. प्रत्येक रोग्याला ते सरसकट दिल्याने जीव वाचतात असे दिसले नाही आणि ती रीत बंद पडली.

श्रोतेहो, ते औषध मी कित्येकांना चांगल्या हेतूने दिले होते. त्यातल्या कोणाचे त्याने बरे झाले, कोणाचे वाईट झाले, हे आता मला कधीच कळणार नाही. कारण मी ज्यांना दिले नाही त्यांचा हिशेब ठेवला नव्हता. चांगला हेतू आणि खरे ज्ञान यांत अंतर असते, हे मला तेव्हा समजले.

ही तपासणी अजून चालूच आहे. झटक्याच्या रोग्याला प्राणवायूची नळी लावायची, हे तर आम्ही डोळे मिटून करत असू. स्वीडनमध्ये, रक्तात प्राणवायू पुरेसा असलेल्या ६,६२९ रोग्यांवर ते तपासले. २०१७ साली निकाल आला. वर्षभरात प्राणवायू मिळालेल्यांत शेकडा ५ आणि न मिळालेल्यांत शेकडा ५.१ मृत्यू, म्हणजे फरक नाही. ज्याच्या रक्तात प्राणवायू कमी असेल, त्याला मात्र तो द्यावाच लागतो.

डॉक्टरांनी आपला हिशेब तपासला. आता आपल्या घरचा हिशेब तपासू. भारतातल्या ५० शहरांतल्या ८९ केंद्रांत २०,४६८ रोग्यांची नोंद केली होती, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. दुखू लागल्यापासून रुग्णालयात पोहोचायला मधल्या रोग्याला ३६० मिनिटे लागली होती. सहा तास! आणि रुग्णालयात आल्यावर गुठळीचे औषध सुरू व्हायला ५० मिनिटे. म्हणजे मोठा उशीर दवाखान्यात होत नाही, घरात आणि वाटेत होतो. पित्त असेल, वात असेल, ओवा खाऊन बघू, सोडा पिऊन बघू, रात्र आहे तर सकाळी जाऊ, यातच ते तास जातात. वाफा सुकत असतो आणि आपण बांधावर बसून असतो.

वाट सुधारता येते. तामिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या रुग्णालयांना जोडली, गावातच कार्डिओग्राम काढून तो पुढे पाठवला, जमेल तिथे गुठळीचे औषध आधी देऊन मग रोगी हलवला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबाप्रमाणे एका वर्षातले मृत्यू शेकडा १७.६ होते, ते १४.२ वर आले.

म्हणून चार गोष्टी सांगतो. छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखे, आवळल्यासारखे किंवा जळजळल्यासारखे दुखणे, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम सुटणे, ही लक्षणे दिसली की हृदयविकार समजूनच चालावे. बायकांत, म्हाताऱ्या माणसांत आणि मधुमेह्यांत कधी छाती दुखतच नाही, नुसती धाप लागते, उलटी होते किंवा गळून गेल्यासारखे वाटते. दुसरे, लगेच १०८ ला फोन करावा. रोग्याला चालवत नेऊ नये आणि त्याला स्वतः मोटारसायकल चालवू देऊ नये. तिसरे, अ‍ॅस्पिरिनची गोळी डॉक्टरांनी फोनवर सांगितली तर चावून घ्यावी. पोटात व्रण असेल किंवा गोळीचे वावडे असेल तर तसे आधी सांगावे. चौथे, जिथे कार्डिओग्राम निघतो अशाच ठिकाणी आधी जावे. आज मोठ्या रुग्णालयात फुग्याने वाहिनी उघडतात, आणि ते वेळेत जमण्यासारखे नसेल तर टेनेक्टेप्लेजसारखे औषध एकाच इंजेक्शनात देता येते. पण या दोन्हींचा उपयोग तुम्ही वेळेत आलात तरच.

आणि कधी डॉक्टरांनी एखाद्या चाचणीत भाग घ्याल का म्हणून विचारले, तर दचकू नका. नीट समजून घ्या, प्रश्न विचारा, मग हो किंवा नाही म्हणा. नाही म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण त्या सतरा हजार लोकांनी, कोणती गोळी मिळेल हे ठाऊक नसताना, हो म्हटले म्हणून आज आपल्या आईवडिलांना योग्य गोळी मिळते.

ते गुरुजी आता नाहीत. पण नवे औषध घेऊन कोणी माझ्याकडे आले आणि "याचा फार गुण येतो" म्हणाले, की मी त्यांचाच प्रश्न विचारतो: ज्यांना दिलं नाही, त्यांचं काय झालं? तुम्हीही तो विचारत जा.