निवडकर्त्याचा जमाखर्च



कर्जत-खालापूरकडील गांवांत कबड्डीचा सामना असला म्हणजे मैदानांत उतरतात सातच गडी; परंतु ते सात निवडणाऱ्याची परीक्षा दुसऱ्या दिवशीं सारा गांव घेतो. संघ जिंकला तर गड्यांचें कौतुक, हरला तर निवडणाऱ्याला बोल! हा न्याय योग्य म्हणतां येईल काय? निवडकर्त्याची पारख करावी तरी कोणत्या कसोटीवर? क्रिकेटमधील एका गाजलेल्या उदाहरणावरून आज या प्रश्नाचा विचार करूं.

तें उदाहरण विजय मर्चंट यांचें. ते स्वतः थोर फलंदाज होते. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांची सरासरी ७१ हून अधिक. भारतीय निवड समितीचे अध्यक्ष या नात्यानें त्यांनीं तरुणांना संधि दिली. विश्वनाथ आणि एकनाथ सोलकर हे १९६९ सालीं कसोटी खेळूं लागले. १९७१ च्या आरंभीं वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठीं पतौडींच्या जागीं अजित वाडेकर कर्णधार झाले, आणि तेंही मर्चंट यांच्या निर्णायक मतानें, अशी क्रिकेटच्या इतिहासांत नोंद आहे. १९६८ सालीं न्यूझीलंडमध्यें भारताला परदेशांतील पहिला मालिकाविजय मिळवून देणाऱ्या कर्णधाराला बाजूस सारणें ही लहान गोष्ट नव्हती.

त्याच संघांत दिलीप सरदेसाई होते. त्यांचें कसोटींतील स्थान डळमळीत झालेलें होतें. सलीम दुराणी तर कित्येक वर्षें कसोटीबाहेर होते. किंग्स्टन येथें ७५ धांवांत पांच गडी बाद झाले असतां सरदेसाईंनीं २१२ धांवा काढल्या. पोर्ट ऑफ स्पेन येथें दुराणींनीं सोबर्स व लॉइड या दोघांना बाद केलें. नवख्या सुनील गावसकरांनीं चार सामन्यांत ७७४ धांवा केल्या. वेस्ट इंडीजला भारतानें कसोटींत प्रथमच हरविलें, व मालिकाही जिंकली.

तथापि यशावरूनच निवड योग्य ठरवूं गेल्यास आपण गांवाचीच चूक करूं. सरदेसाई पहिल्याच चेंडूवर बाद झाले असते, तर त्यांना निवडण्यामागील विचार खोटा ठरला असता काय? फळांत दैवाचा वांटा असतो. समितींतील इतरांचा आणि कर्णधाराचाही असतो. निवडकर्त्याचा स्वतःचा वांटा एवढाच कीं, त्या घडीला जें दिसत होतें त्यावरून त्यानें निर्भयपणें काय ठरविलें.

या दृष्टीनें मला पुढचा निर्णय अधिक मोलाचा वाटतो. चंद्रशेखर यांना वेस्ट इंडीजला नेलें नव्हतें. जिंकून आलेला संघ तसाच इंग्लंडला पाठविला असता तर कोणी नांव ठेवलें नसतें. परंतु समितीनें चंद्रशेखरांना परत बोलाविलें. ऑगस्टमध्यें ओव्हलच्या मैदानावर त्यांनीं ३८ धांवांत ६ गडी टिपून इंग्लंडचा डाव १०१ धांवांत आटोपविला, आणि इंग्लंडच्या भूमीवर भारताला पहिला कसोटी विजय लाभला. विजयाच्या धुंदींतही आपलाच पूर्वीचा निर्णय फिरविण्याचें हें धैर्य दुर्मिळ होय.

अर्थात् जमेबरोबर खर्चही मांडला पाहिजे. त्या इंग्लंडच्या संघांत दुराणी नव्हते. वेस्ट इंडीजमध्यें विजयाचें दार ज्यांनीं उघडलें, तेच पुढच्या दौऱ्यास मुकले. संघ उभारणाऱ्याला प्रत्येक निवडीबरोबर कोणाला तरी वगळावेंच लागतें. म्हणून त्याचें यश मोजतांना जिंकलेले सामने जसे मोजावे, तशीं वगळलेलीं नांवेंही वाचावीं. तीं वाचूनही जो निर्णय समर्थनीय वाटतो, तोच खरा. १९७१ चे मर्चंट या कसोटीला बव्हंशीं उतरतात, असें माझें मत आहे.