विश्वासातली सोबत



या केंद्रावर मी बचत गटाची सहयोगिनी म्हणून बऱ्याचदा बोलले आहे. बहुतेक वेळा विषय व्याजाचा, नाहीतर हजेरीच्या रजिस्टरचा. आज थोडं वेगळं. आमच्या मंडळीच्या महिला मंडळात मी गेली आठ वर्षं एक काम करते. विश्वासात नवीन असलेल्या, किंवा वर्षानुवर्षं चर्चला येऊनही शास्त्र कधी न उघडलेल्या एखाद्या बहिणीजवळ आठवड्यातून एकदा बसायचं. एकीजवळ एकीनं. हे कसं करावं, असं दोघीतिघींनी विचारलं म्हणून बोलते. ऐकणाऱ्या सगळ्या ख्रिस्ती नाहीत, मला माहीत आहे. पण मन मोकळं करायला कुणी ना कुणी प्रत्येकीजवळ येतंच, तेव्हा थोडंफार तुमच्याही कामी येईल.

आधी माझी चूक सांगते.

एक सून माझ्याजवळ बसू लागली. लग्नाला तीन वर्षं झालेली. महिनाभर नुसतं हो-हो करायची. मग एक दिवस कांदे निवडता निवडता म्हणाली, नवरा पितो आणि मारतो. मला रात्रभर झोप नाही. शुक्रवारी महिला मंडळात प्रार्थनेचे विषय विचारले, तेव्हा मी उठून म्हणाले, "एका बहिणीच्या घरासाठी प्रार्थना करा, नवरा पिऊन हात उचलतो." नाव घेतलं नाही. पण चाळीस घरांच्या वस्तीत नाव घ्यावं लागतं का? दिवेलागणीपर्यंत गोष्ट सासूच्या कानावर गेली. त्या रात्री तिला पुन्हा मार बसला.

पाच महिने ती माझ्याशी बोलली नाही. चर्चलाही आली नाही. मी प्रार्थनाच तर मागितली, अशी मी आपली मनाची समजूत घालत होते. खरं पाहता प्रार्थनेच्या नावाखाली मी तिचं दुःख चावडीवर नेऊन ठेवलं होतं.

मला ज्यांनी शिकवलं त्या आजींना अक्षर येत नव्हतं, पण कितीतरी स्तोत्रं तोंडपाठ. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "आधी तोंडाला झाकण बसव, मग शास्त्र उघड. आणि जा, माफी माग. कारणं सांगत बसू नको." गेले. उंबऱ्यावर बसून म्हणाले, माझं चुकलं. ती भांडी घासत राहिली. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तिनं चहा ठेवला.

तेव्हापासून उठताना मी विचारतेच, "यातलं कुणाला सांगू? पाळकांना? का कुणालाच नको?" ती नको म्हणाली तर नको. फक्त एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगून ठेवते, की जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही. १८१ हा महिलांचा मदतीचा नंबर आणि अडचणीच्या वेळेचा ११२, हे दोन्ही मी माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेत. "सोस बाई, प्रभू बघेल," हे वाक्य मात्र मी टाकून दिलं आहे. मार खाणाऱ्या बाईला असं सांगणं म्हणजे मारणाऱ्याला मदत करणं. तसंच, प्रार्थना करतेस ना, मग बीपीच्या गोळ्या कशाला, असंही कुणी म्हणू नये. गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.

आता बसायचं कसं? लूकच्या शुभवर्तमानात अम्माऊसच्या वाटेची गोष्ट आहे. दोघं शिष्य तोंड पाडून चालले होते. येशू त्यांच्याबरोबर चालू लागला आणि त्यानं आधी विचारलं, तुम्ही कशाविषयी बोलताय? त्याला सगळं ठाऊक होतं, तरी त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं. शास्त्र उलगडून सांगितलं ते त्यानंतर. आपलं नेमकं उलट होतं. तिचं अर्धं वाक्य झालं की आपलं वचन तयार. मी स्वतःला एक सवय लावून घेतली आहे. ती थांबली की मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. बहुतेक वेळा आठव्या-नवव्या आकड्याला ती खरं काय ते बोलते.

चूक दाखवायची वेळ आली की मला प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला आठवतात. नवराबायको दोघंही तंबू करणारे, हातावर पोट असलेली माणसं. अपुल्लोस मोठा विद्वान, सभास्थानात फार छान बोलायचा, पण त्याची माहिती अपुरी होती. यांनी भर सभेत त्याला टोकलं नाही. आपल्याकडे नेऊन नीट समजावलं. आमच्या महिला मंडळात कुणी नवी बाई चुकीचा अध्याय सांगते, तेव्हा चार जणी एकदम ओरडतात. ती पुन्हा महिनाभर तोंड उघडत नाही.

वाचायला मी मार्कचं शुभवर्तमान घेते. सोळाच अध्याय आहेत, आणि गोष्टी भराभर पुढे जातात. एका वेळी एकच गोष्ट घ्यायची. वाचता येत नसेल तर मी दोनदा वाचते आणि मग तिला म्हणते, आता तू सांग, घरी मुलाला सांगतेस तशी. ती तिच्या बोलीत सांगते. तिथंच कळतं काय पोचलं आणि काय नाही. बाईला कळेल अशा भाषेची किंमत पंडिता रमाबाईंना ठाऊक होती. केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी या कामात घातली, १९२२ साली त्या गेल्या. छपाईला आश्रमातल्याच बायकामुली होत्या. मी मात्र कितीदा "नीतिमत्त्व", "प्रायश्चित्त" असे शब्द बोलून मोकळी होते आणि समोरची मान डोलावते.

प्रार्थना तिची तिला करू द्यावी. दोनच वाक्यं असली तरी चालतील. "देवा, म्हैस आटलीय, पोरीची फी भरायचीय," ही पुरी प्रार्थना आहे. आपली लांबलचक प्रार्थना ऐकून तिला वाटतं, हे आपल्याला जमायचं नाही.

घाई तर करूच नये. नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ साली आणि लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली पाच वर्षं काय काय झालं ते 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे, मिळालं तर जरूर वाचा. घरात टिळकांसारखा माणूस असून त्या आल्या त्या स्वतःच्या विचारानं. आणि एखादी नाहीच आली, तरी तिच्याकडचा चहा बंद करायचा नाही.

आणखी एक. गटाच्या बैठकीत मी धर्माचा शब्द काढत नाही. गटात सगळ्या जातीधर्मांच्या बाया आहेत, कर्ज सगळ्यांच्या बचतीतून जातं. जिच्याजवळ मी शास्त्र घेऊन बसते, तिच्या कर्जाच्या अर्जावर मी मत देत नाही, अध्यक्ष-सचिव बघतात. पैसा आणि विश्वास एका पिशवीत घातले, तर ती मनापासून बसतेय की हप्त्यासाठी, हे तिचं तिलाही कळणार नाही.

ती सून आता वर्षभरापासून स्वतः एका नव्या बाईजवळ बसते. दळणाला जाताना दोघी दिसतात. परवा मी सहज विचारलं, "काय बोलता गं दोघी एवढं?"

म्हणाली, "ताई, ते तुम्हाला कशाला सांगू?"

बरं, वेळ संपली. पुढच्या खेपेला पुन्हा रजिस्टर घेऊन येते. नमस्कार.