रुळांची एकात्मता



लोहमार्गाच्या दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतर म्हणजे गेज. प्रवाशाच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक; परंतु या अंतराने आपला देश शतकाहून अधिक काळ तुकड्यातुकड्यांत विभागून ठेवला. त्यातील बोध आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी गेली, ती साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर रुंदीच्या मार्गावरून. इंग्लंडमध्ये त्यापूर्वीच भिन्न मापांनी घोळ घातला होता. ग्लॉस्टर येथे सारा माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. अखेर १८४६ मध्ये तेथील संसदेला कायदा करून चार फूट साडेआठ इंच हे माप प्रमाण ठरवावे लागले. तो धडा ध्यानी घेऊन लॉर्ड डलहौसीने भारतात प्रारंभापासून एकच माप असावे, असा आग्रह धरला. परकीय राज्यकर्त्याचा असला, तरी हा विचार योग्यच होता.

१८७० साली लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत काटकसरीसाठी तो बाजूस सारला गेला आणि एक मीटर रुंदीचे मार्ग पुढे आले. काही ठिकाणी त्याहूनही अरुंद रूळ पडले. तिजोरीची अडचण खरी होती. स्वस्त मार्गांमुळे अनेक भागांत रेल्वे लवकर पोहोचली, हेही मान्य केले पाहिजे. पण त्या बचतीची किंमत पुढील पिढ्यांनी चुकविली.

पंढरीचा वारकरी कुर्डूवाडीस ब्रॉडगेज गाडीतून उतरे आणि बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीत बसे. त्याचे भागत असे, मालाचे काय? वाघिणीतील पोते न् पोते हमालांच्या पाठीवरून पलीकडे जाई. वेळ जाई, माल सांडे, खर्च वाढे. दुसऱ्या महायुद्धात आसामकडील रसददेखील मीटरगेजच्या तोंडाशी अशीच अडे. जेथे सीमा सर्वाधिक संवेदनशील, तेथेच मार्ग तोकडा!

१९९२ मध्ये एकमाप योजना हाती घेण्यात आली. हे काम केवळ रूळ सरकविण्याचे नव्हते. स्लीपर, पूल, बोगदे, फलाट, सारेच बदलावे लागते. लुमडिंग-सिलचर मार्गासाठी २०१४-१५ मध्ये बराक खोऱ्यातील जनतेने कित्येक महिने रेल्वेवाचून काढले. आगरतळ्यास २००८ साली मीटरगेज पोहोचली होती. २०१६ मध्ये तेथे ब्रॉडगेज आली आणि त्रिपुराची राजधानी देशाच्या मुख्य लोहमार्गाशी थेट जोडली गेली.

मात्र दार्जिलिंग, निलगिरी, कालका-शिमला आणि आपले माथेरान येथील लहान रूळ आपण जपले आहेत. डोंगराच्या वळणांना तेच शोभतात. एकात्मता म्हणजे एकसाचीपणा नव्हे. जेथे भेद माणसाची वाट अडवितो, तेथे तो दूर करावा. जेथे तो भूमीच्या स्वभावातून आला आहे, तेथे त्याचा सन्मान करावा.

एकत्र येण्यासाठी कोणाला तरी गैरसोय सोसावी लागते. बराक खोऱ्याने ती सोसली. मुख्य मार्गावर सुखाने प्रवास करणाऱ्या आपण तिचे स्मरण ठेवावे आणि समाजातील अशी अंतरे मिटविताना आपल्या वाट्याची गैरसोय आनंदाने स्वीकारावी, एवढेच सांगून थांबतो.

भारत माता की जय!