सहावे काडतूस

कविता लिहिणाऱ्या माणसाने रेडिओवर येऊन रिव्हॉल्व्हरच्या साफसफाईबद्दल बोलावे, याचे तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटते. शस्त्राची हौस मला कधीच नव्हती. ते वारशाने आले.

अब्बांची शेती गावापासून लांब होती. रात्री-अपरात्री मोटार चालू करायला जावे लागे, म्हणून त्यांनी रीतसर परवाना काढून रिव्हॉल्व्हर घेतले होते. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनलेले, .32 बोअरचे, सहा काडतुसांचे. अब्बा गेले आणि 1959च्या शस्त्र कायद्यानुसार ते जमा करावे लागले. परवानाधारक गेल्यावर शस्त्र तसेच घरात ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे द्यावे लागते. वारस म्हणून मी अर्ज केला. 2016च्या नियमांप्रमाणे शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतले. परवाना हाती येईपर्यंत दोन पावसाळे उलटले होते.

रिव्हॉल्व्हर परत मिळाले तेव्हा ते अब्बांच्याच चामडी होल्स्टरमध्ये होते. बाहेर काढले तर जिथे जिथे चामडे टेकले होते, तिथे तिथे तांबूस गंज. दुकानातले वयस्कर कारागीर म्हणाले, "चामडे ओल धरून ठेवते, साहेब. होल्स्टर कमरेला लावण्यासाठी असते, कपाटात ठेवण्यासाठी नाही." तेच माझे उस्ताद झाले.

त्यांनी शिकवलेले थोडक्यात सांगतो. नळी नेहमी आतून साफ करायची. गोळी सुटली की दारूची काजळी आणि शिशाचा थर आत बसतो. सळईला पितळी ब्रश लावून, सॉल्व्हंटमध्ये भिजवून तो नळीतून फिरवायचा, काही मिनिटे थांबायचे आणि मग सुती चिंध्या ओढायच्या. पहिली चिंधी काळी येते, दुसरी करडी. पांढरी येईपर्यंत थांबायचे नाही. सळई नळीच्या तोंडाच्या कडेवर घासू द्यायची नाही. ती कड बिघडली की नेम बिघडतो. मग चक्राची सहाही घरे, एकेक करून. काडतुसे वर उचलणारी चांदणीच्या आकाराची एक पट्टी असते, तिच्याखाली दारूचे कण अडकतात आणि चक्र नीट बसत नाही. तिथे जुना दातांचा ब्रश उपयोगी पडतो.

तेलाच्या बाबतीत मी नवशिक्यासारखा उदार झालो होतो. जितके जास्त तेल तितकी जास्त निगा, असा समज. उस्तादांनी कपाळाला हात लावला. जास्तीचे तेल धूळ ओढते, आणि झिरपत काडतुसापर्यंत गेले तर त्याची टोपी निकामी होऊ शकते. जिथे लोखंडावर लोखंड घासते, तिथे एकेक थेंब. बाहेरून तेलाच्या फडक्याचा नुसता हात. शेवटचा हात फडक्याचाच हवा, कारण बोटांच्या घामातले मीठही गंज आणते. खोबरेल तर नाहीच. ते घट्ट आणि चिकट होते. शिवणयंत्राचे पातळ तेल त्यापेक्षा किती तरी बरे. विशेषणे जपून वापरावीत हे मला कवितेने शिकवले होते, पण तेलाला तो नियम लावायचे सुचले नव्हते.

आता ज्यासाठी आज बोलायला बसलो, ते सांगतो.

त्या वर्षी शेतावर चोऱ्या वाढल्या होत्या. एका रात्री मी रिव्हॉल्व्हर भरून उशाशी घेतले. काही घडले नाही. सकाळी ते साफ करावे म्हणून जेवणाच्या टेबलावर बसलो. हे रिव्हॉल्व्हर मधून मोडून उघडते. पूर्ण उघडले की ती चांदणी सगळी काडतुसे एकदम बाहेर टाकते. काडतुसे जमिनीवर सांडू नयेत म्हणून मी ते अर्धवटच उघडले आणि एकेक काडतूस नखाने वेचून टेबलावर ठेवले. मग बंद केले. फडके घेतले. घोडा आणि चाप पुसायचे होते.

तेवढ्यात पत्नी चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता तिने सहज विचारले, "पाचच?"

मी टेबलाकडे पाहिले. पाचच होती. रिव्हॉल्व्हर पुन्हा उघडले, या वेळी पूर्ण. सहावे काडतूस टेबलावर पडले. ते माझ्या अंगठ्याआड राहिले होते आणि मी बंद केल्यावर मुकाट्याने आपल्या घरात परत गेले होते. नळीचे तोंड समोरच्या पार्टिशनकडे होते. त्या प्लायवूडच्या पलीकडे आमची मुलगी परीक्षेचा अभ्यास करत होती.

तो चहा मी प्यालो नाही. प्रशिक्षणात हेच तर सांगितले होते: शस्त्र भरलेले आहे असेच समजा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा, चापावर बोट नको. मला हे सगळे पाठ होते. पण पाठ असणे आणि हातात असणे यांत अंतर असते. माझ्या मनात शस्त्र रिकामे होते. प्रत्यक्षात ते भरलेले होते.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक रीत आहे. आधी रिव्हॉल्व्हर पूर्ण उघडायचे. काडतुसे मोजायची आणि दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवायची. मग उजेडात सहाही घरे पाहायची, प्रत्येकात करंगळी घालून चाचपायची. त्यानंतरच ब्रश आणि तेल. जागाही बदलली, जेवणाच्या टेबलावर हे काम होत नाही, कारण ती काजळी विषारी असते. काम अंगणात, भरभक्कम वाळूच्या पोत्यांकडे तोंड करून, आसपास दिवा-विडी नाही, आणि शेवटी साबणाने हात धुणे.

शस्त्र घरात असावे की नसावे, हे मी कुणाला सांगणार नाही. माझा स्वतःचा निर्णयही मी दर वेळी परवान्याच्या नूतनीकरणाआधी नव्याने तपासतो. पण ज्याच्या घरात ते आहे, त्याने गंजाची काळजी दुसऱ्या क्रमांकावर ठेवावी.

आमच्याकडे मोजणी आजही मी करत नाही. मी काडतुसे एकेक करून पत्नीच्या तळहातावर ठेवतो. ती मोठ्याने मोजते. "सहा" हा शब्द कानावर पडला, की मगच मी फडके हातात घेतो.